‘ब’ला बदक म्हणणारी मुलं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, बालवर्गातल्या वाचनाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रांचा ढीगच आला. माझी एकतीस वर्षं शिशुगटाला शिकवण्यात गेली, तरी काही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. प्रत्येकाला इथं उत्तर देता येणार नाही. एकाच पत्रात अनेकांची काळजी उतरली आहे, अशी सहा पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. अ ते ज्ञ घडाघडा म्हणते, बाराखडीही तोंडपाठ आहे. परवा तिला ‘बस’ हा शब्द लिहून दाखवला तर ती म्हणाली, “बदक, ससा.” सगळे हसले आणि ती रडायला लागली. एवढं पाठ असून वाचता का येत नाही? – एक आई

उत्तर : ताई, आधी तिला जवळ घ्या. ती चुकलेली नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच तिनं चोख सांगितलं. तक्त्यावर ‘ब’शेजारी बदक असतं, ‘स’शेजारी ससा असतो, आपण रोज ‘ब बदकाचा, स सशाचा’ असं सुरात म्हणून घेतो आणि पोराच्या मनात त्या आकृतीचं नावच बदक होऊन बसतं.

हे मी स्वतः करून बसले आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मोठ्या हौसेनं एक रंगीत तक्ता केला होता. मुलं छडीच्या टोकाबरोबर एका दमात ज्ञपर्यंत पोचायची आणि मला धन्य वाटायचं. एका सकाळी काय मनात आलं कोण जाणे, सगळ्या चित्रांवर कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि ‘ग’वर छडी ठेवून विचारलं, हे काय? एक मुलगा उठला, तक्त्याजवळ आला, चिठ्ठीचा कोपरा नखानं उचलून आत डोकावला, “गवत” म्हणाला, चिठ्ठी अंगठ्यानं पुन्हा नीट दाबली आणि जागेवर जाऊन बसला. मी वर्षभर त्याला चित्रं ओळखायला शिकवत होते, अक्षराकडे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो तक्ता मी त्याच आठवड्यात उतरवला.

आता काय करायचं ते सांगते. पंधरा दिवस अक्षरं दाखवणं बंद ठेवा आणि नुसता कानांचा खेळ खेळा. तुम्ही शब्द तोडून बोला, “मला ती पा...टी दे,” “ते का...त...र कुठे आहे?” आणि तिला जोडू द्या. मग तिला तोडू द्या. बाहुलीला किती टाळ्या? बा, हु, ली, तीन. मुलं शब्दाचे असे तुकडे सहज पाडतात, आणि आपली लिपीही तशीच तुकड्यातुकड्यानं लिहिली जाते. ‘मी’मधला म् वेगळा आणि ई वेगळी, हे त्यांना बरंच नंतर उमगतं. तिथं घाई करू नका.

त्यानंतर पहिल्या आवाजाचा खेळ. ‘म’नं सुरू होणाऱ्या वस्तू घरभर शोधा. हाच खेळ ‘ण’ आणि ‘ळ’ घेऊन मात्र फसतो, त्यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. म्हणून तर तक्त्यावर बाण आणि बाळ काढावे लागतात आणि बिचारं मूल ‘ण’ बघून ‘बाण’ म्हणतं. ही दोन अक्षरं शब्दाच्या शेवटी ऐकवा.

कान तयार झाले की अक्षरांकडे या, पण अ पासून ओळीनं नको. मी न, म, र, क, ल ही पाच अक्षरं आणि काना एवढ्यावर सुरुवात करत असे. एवढ्यातून काय काय निघतं बघा. कान, नाक, मान, मामा, काका, काल, काम, लाल, कमान. सगळे मुलांच्या तोंडचे शब्द आहेत. काना शेवटी शिकवायचा हट्ट धरला की ‘सरळ चल, वर बघ’ अशी वाक्यं जुळवावी लागतात. तसं घरात कुणी बोलत नाही, आणि मुलाला वाचलेल्याचा अर्थ लागत नाही तो इथंच.

अक्षरं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मोठी लिहा, चित्राशिवाय. ‘ब’ दाखवून फक्त ‘ब’ म्हणा. दोन तुकडे लांब ठेवून हळूहळू जवळ सरकवत आणायचे, ब... स, ब.. स, बस. इथं एक अडचण हमखास येते. सुटं म्हणताना आपण ‘स’मध्ये अ उच्चारतो, शब्दात तो शेवटचा अ गळून जातो. मूल ‘बसऽ’ असं काहीतरी म्हणतं आणि त्याला तो शब्द ओळखू येत नाही. रागावू नका, “आता पटकन म्हण” एवढंच सांगा. एकदा तो धक्का कानाला बसला की ‘बस’ एकदम ओळखीची होते, आणि त्या क्षणी मुलाचे डोळे कसे उघडतात ते तुम्हाला बघायला मिळेल.

बाराखडी टाकून देऊ नका. पण ‘क का कि की’ हे गाणं आहे, ते म्हणता येणं म्हणजे ‘की’ ओळखता येणं नाही. मधूनच उडी मारून विचारा. वेलांट्यांमध्ये मी दुसरी आधी घेते. पाटी, वही, बाहुली, मुलांच्या बऱ्याच शब्दांच्या शेवटी तीच असते. पहिली वेलांटी अवघड जाते त्याला कारण आहे. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे जायला नुकतंच शिकलेलं मूल तिथं अडखळणारच.

आणि ताई, तिच्यासमोर हसणाऱ्या मोठ्या माणसांना तुम्ही थांबवा. हे बाकी सगळ्याच्या आधी.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. अक्षरं उलटी काढतो, ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ म्हणतो. शेजारच्यांनी डिस्लेक्सिया असेल असं सांगितल्यापासून झोप लागत नाही. – एक बाबा

उत्तर : पाचव्या वर्षी अक्षर उलटं काढणं अगदी सर्रास आढळतं. मुलाच्या बाजूनं विचार करून बघा. खुर्ची आडवी केली, पालथी घातली तरी ती खुर्चीच राहते. आजवर हाताळलेल्या प्रत्येक वस्तूनं त्याला हेच शिकवलंय. आणि आता आपण त्याच्यापुढं अशी खुणांची जात ठेवतो, जिथं बाजू बदलली की सगळं बिनसतं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

घ आणि ध, भ आणि म या जोड्यांत फरक केवढा? डोक्यावरची रेघ सलग आहे की सुरुवातीला गाठ मारून तुटली आहे, एवढाच. ब आणि व मध्ये पोटातली एक तिरकी रेघ. अशी जुळी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नयेत. ‘म’ हाडीमांशी मुरला, की महिन्यानं ‘भ’ आणावा. दोन्ही शेजारी ठेवून “यात फरक ओळख” असं म्हणणं म्हणजे गोंधळ पक्का करणं. पुष्कळशा पुस्तकांत नेमका तोच स्वाध्याय असतो आणि मला तो कधीच पटलेला नाही.

बोटांची मदत घ्या. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह उघडलं, तिथं खरकागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवलेली असत. मूल तर्जनी आणि मधलं बोट त्यावरून लिहिण्याच्या दिशेनं फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज तोंडानं काढी. डोळा, कान आणि बोट एकाच वेळी कामाला लागतात. शंभर वर्षं उलटून गेली तरी मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही. खरकागद आणा, ‘घ’ वीतभर मोठा कापा. रोज पाच मिनिटं पुरेत.

आता काळजीबद्दल. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अक्षमता. ती आहे की नाही, हे सहसा सात-आठ वर्षांच्या आधी पक्कं सांगत नाहीत, कारण मुळात वाचायला शिकवून झालेलं असावं लागतं. पण लक्ष कुठं ठेवायचं ते सांगते. बोलायला फार उशीर झाला होता का, यमक जुळलेलं त्याला कळतं का, दोन-तीन सूचना एकदम दिल्या तर लक्षात राहतात का, घरात आणखी कुणाला वाचायला जड गेलं होतं का. यातल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर काळजीत टाकणारं आलं, तर वाट न बघता तज्ज्ञांना दाखवा. आणि काहीही वाटत नसलं तरी डोळे आणि कान एकदा तपासून घ्याच. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला मी जवळजवळ सहा महिने “लक्ष देत नाहीस” म्हणून टोकत राहिले. तिला एका कानानं कमी ऐकू येत होतं. मी तिला नेमकं त्याच बाजूला बसवलं होतं. ही गोष्ट मी माझ्या जागी आलेल्या प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगितली आहे, म्हणून तुम्हालाही सांगते.

प्रश्न : नातू साडेचार वर्षांचा. एकच पुस्तक रोज वाचायला लावतो. पान उलटायच्या आत पुढचं वाक्य म्हणतो आणि “मी वाचलं” असं सांगतो. ही सवय मोडावी का? दुसरं पुस्तक काढलं की भोकाड पसरतो. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, मोडू नका हो! तो वाचनाच्या उंबऱ्यात उभा आहे. पुस्तकातली वाक्यं बोलण्यातल्या वाक्यांपेक्षा वेगळी असतात, ती दर वेळी तीच असतात, आणि ती त्या काळ्या खुणांमध्ये साठवलेली असतात, हे त्याला त्या एका पुस्तकानं शिकवलंय. तुम्ही इतकंच करा. वाचताना शब्दाखालून बोट सरकवा. आठवड्याभरानं त्याचं बोट धरून सरकवा. मग त्याला एकट्याला सरकवू द्या. तोंडातलं वाक्य संपेल आणि बोटाखाली दोन शब्द उरतील. तो थांबेल, कपाळाला आठ्या घालेल, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जाईल. त्या वेळी तुम्ही गप्प बसायचं. तुमच्या सगळ्या वाचनाचं फळ त्या शांततेत मिळतं. दुसरं पुस्तक त्याच्या हाताशी नुसतं पडू द्या, तो आपण होऊन उचलेल.

प्रश्न : मी मोठ्या शिशुगटाची शिक्षिका आहे. वर्गात तीस मुलं. पालक न्यायला येतात ते वहीच उघडतात, “आज काय लिहिलं?” वही कोरी दिसली की तक्रार वरपर्यंत जाते. खेळातून शिकवायचं कसं? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमची कोंडी मी भोगलेली आहे. पालक वही बघतात, कारण त्यांना दाखवायला आपल्याकडे दुसरं काही नसतं. तेव्हा दाखवण्याजोगं काहीतरी घरी पाठवा.

रोज सकाळी मी एका मुलाला विचारत असे, “काल काय झालं?” ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं. एकदा एकीनं सांगितलं, “माझ्या बाहुलीचा हात तुटला आणि दादानं दोरा बांधला.” मी लिहीत गेले, तोंडानं म्हणत गेले. सगळ्या वर्गाला ते वाक्य पाठ झालं. मग तेच कागदाच्या लांब पट्टीवर लिहिलं, शब्द कापून सुटे केले आणि तिनं ते पुन्हा लावले. ‘दोरा’ आधी आणि ‘दादानं’ नंतर लागलं, तेव्हा तीच ओरडली, “असं नाही झालं!” बाई, याला वाचन म्हणतात. ती पट्टी पाकिटात घालून घरी दिली. संध्याकाळी तिनं ती आईसमोर जमिनीवर मांडली. दुसऱ्या दिवशी त्या आईनं वही मागितली नाही. पाच मुलांचा गट केला की तीस मुलांचीही पाळी आठवड्याभरात येते.

लिहिण्याबद्दल पालकसभेत स्पष्ट बोला. या वयात बोटांत पुरेसं बळ नसतं. माती मळणं, कागद फाडणं, ओवणं, जाड खडूनं मोठ्या रेघा ओढणं, ही लिहिण्याचीच तयारी आहे. पानभर ‘अ’ गिरवून हात दुखतो आणि पोर वहीचा धसका घेतं. सुट्या अक्षरांनी शब्द लावणं त्याला लिहिण्याच्या कितीतरी आधी जमतं, पेन्सिलीसाठी ते कशाला अडवून ठेवायचं?

हजेरी नावांच्या पट्ट्यांनी घ्या. दारात टेबलावर सगळ्यांच्या नावांच्या पट्ट्या, प्रत्येकानं आपली उचलून डब्यात टाकायची. नावात जोडाक्षर असो की रफार, मुलं आपलं नाव तीन-चार दिवसांत ओळखायला लागतात. पुढच्या महिन्यात ती मित्रांच्या पट्ट्या वाटू लागतात.

आणखी एक, तुमच्यासारख्या नव्या शिक्षिकांना सांगावंसं वाटतं. चमचा आणि चिमणी यांतला ‘च’ एक नाही, जहाज आणि जीभ यांतला ‘ज’ही नाही. सुटा ‘च’ शिकवताना तुम्ही एकच आवाज काढता आणि शब्दात दुसरा आला की मूल गोंधळतं. नियम सांगत बसू नका. दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणा, त्यांनी ते आधी ऐकलेले असतात, बोललेले असतात. मुलं आपोआप बरोबर आवाजाकडे वळतात.

प्रश्न : घरी मराठी, शाळेत इंग्रजी. दोन्ही लिप्या एकदम शिकवल्या तर घोळ होईल का? – एक आई

उत्तर : बोलण्यात होत नाही, दोन्ही भाषा बिनधास्त बोला. लिपी मात्र एक जराशी पुढं असू द्या. माझं मत विचाराल तर मराठी आधी, कारण आपल्याकडे अक्षराचं नाव तोच त्याचा आवाज. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘बी’ आणि आवाज ‘ब’, मुलाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आवाज जोडून शब्द होतो ही युक्ती एका लिपीत साधली की दुसऱ्या लिपीत ती नव्यानं शिकावी लागत नाही.

प्रश्न : हे पत्र मी मोठ्या मुलीकडून लिहून घेते आहे. मी दुसरीत शाळा सोडली, वाचायला येत नाही म्हटलं तरी चालेल. धाकटा पाच वर्षांचा आहे. शाळेतून पुस्तक आणतो आणि मांडीवर येऊन बसतो. मी चित्र बघून मनानं काहीतरी सांगते. काल तो म्हणाला, “काल तू वेगळंच सांगितलंस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचं नुकसान करते आहे का? – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते माझ्या मनातून जात नव्हतं.

नुकसान नाही. तुमचा मुलगा पुस्तक उचलतो आणि मांडी शोधतो. माझ्याकडे पदवीधर घरांतली अशी मुलं आली आहेत, ज्यांनी पुस्तक आणि मांडी यांचा संबंध कधी अनुभवला नव्हता. वाचायला शिकताना मुलाला दोन गोष्टी लागतात. खुणांवरून शब्द उलगडता यायला हवा आणि उलगडलेला शब्द ओळखीचा निघायला हवा. पहिली गोष्ट शाळा शिकवू शकते. दुसरी घरी बोलण्यातूनच येते, आणि ती तुम्ही रोज देताय. त्याच्या कानावर ‘ओंजळ’ हा शब्द पडलेलाच नसेल, तर तो अक्षरं जोडून ‘ओंजळ’पर्यंत पोचला तरी त्याला काही सापडणार नाही. म्हणून खूप बोला. कामं करताना वस्तूंची, रंगांची, हालचालींची नावं घ्या. तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगा, त्यांना पुस्तक लागत नाही.

पुस्तक उघडलं की चित्रावर विचारत राहा. हा कुठं निघाला असेल? याचा चेहरा असा का? आता पुढं काय होईल? त्याला उत्तर शोधू द्या, तुम्ही सगळं सांगायलाच हवं असं नाही. शाळेत बाईंना सांगून नुसत्या चित्रांची, शब्द नसलेली पुस्तकं मागून घ्या. त्यात तुमची आणि त्याची गोष्ट वेगळी निघाली तरी कुणाचंच चुकत नाही.

“काल तू वेगळंच सांगितलंस” हे वाक्य त्याला सुचलं, याचा अर्थ पुस्तकातली गोष्ट बदलत नाही हे त्याला कळलं आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी ही मोठी समज आहे. आता त्याला खरं सांगून टाका. “मला हे वाचता येत नाही, मी चित्रावरून सांगते. दीदी आली की तिला खरं काय लिहिलंय ते विचारू.” लपवून ठेवलंत तर तुम्ही पुस्तक टाळायला लागाल, आणि तो मांडीवर यायचा थांबेल. मोठ्या मुलीला रोज एक पान दोघांना मिळून वाचून दाखवायला सांगा, बोट फिरवत.

आणि त्याला शाळेत जे अक्षर शिकवतील ते घरी येऊन तुम्हाला शिकवू द्या. खरंच शिका. मुलाचं दुसऱ्याला शिकवण्यानं जेवढं पक्कं होतं तेवढं गिरवण्यानं होत नाही. माझ्या वर्गात एक आई धाकट्याला कडेवर घेऊन रोज दाराशी उभी राहायची, गोष्ट संपेपर्यंत. मी तिला आत बोलावलं, ती मागच्या भिंतीशी बसायला लागली. मुलं आपल्या पट्ट्या लावायची तेव्हा मी तिच्यापुढंही एक पाकीट ठेवलं. पावसाळा संपता संपता एके दिवशी ती दारात थांबली, नावांच्या टेबलाजवळ वाकली, मुलाची पट्टी शोधून काढली आणि त्याच्या हातात दिली. मुलगा म्हणाला, “ही माझीच आहे, तुला कसं कळलं?”

तुमचा मुलगा सध्या कुठलं अक्षर शिकतो आहे ते मला कळवा. पुढच्या पत्रात ते एक अक्षर तुमच्या हातचं असू द्या. कसंही आलं तरी चालेल.